अमूर्त छायाचित्रातून माणसाच्या भवितव्याची काळजी पोचते का?

गोदातीर :
येथील जाणकार मंडळींपुढे एक प्रश्न ठेवतो. ज्या छायाचित्रात माणूस नाही, घर नाही, ओळखू येईल अशी एकही वस्तू नाही, केवळ पोत, रेषा, उजेड आणि काळोख एवढेच आहे, त्या छायाचित्रातून माणसाच्या पुढच्या काळाविषयीची काळजी पाहणाऱ्यापर्यंत पोचू शकते का? चित्रकार कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो, त्यामुळे त्याला हवे ते वगळता येते. छायाचित्रकाराच्या भिंगासमोर मात्र काहीतरी असावेच लागते आणि ते नेमके काय आहे हे लपवूनच त्याला अमूर्ताकडे जाता येते. हे लपवणे मला अलीकडे खटकू लागले आहे.

नोकरी फिरतीची असल्याने जालन्यापासून उदगीरपर्यंतची राने मी बाराही महिने पाहतो. त्यातून जमलेली काही छायाचित्रे एका वाचनालयाच्या सभागृहात मांडायची आहेत. सर्व छायाचित्रे जमिनीवर उभे राहून, बहुतेक हातभर अंतरावरून घेतलेली आहेत. एका चित्रात टरबूज निघाल्यानंतर रानात राहिलेला आणि रोटाव्हेटरखाली सापडलेला मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाभोवतीची जमीन झाकायला अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, आहे. तो एका बाजूने चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने काळा असतो. त्याच्या बोटभर लांबीच्या चिंध्या ढेकळांत अशा रुतल्या आहेत की चौकटीत काळोखावर विखुरलेले चकचकीत तुकडे तेवढे दिसतात. दुसऱ्यात कोरड्या गेलेल्या बोअरमधून निघालेली राखाडी भुकटी आहे. तिसऱ्यात शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावर, पाणी खाली खाली जाताना उमटलेल्या शेवाळाच्या आणि क्षारांच्या आडव्या रेषा आहेत.

ज्यांना ही चित्रे दाखवली त्यांतील बहुतेकांनी "फारच सुंदर, बैठकीच्या खोलीत शोभतील" असा अभिप्राय दिला. ती शोभावीत अशी माझी इच्छा नव्हती. चित्राखाली वस्तू आणि ठिकाण लिहावे, की पाहणाऱ्याला मोकळे सोडावे?

पैठणगेट :
बैठकीच्या खोलीचे माप कळवतो, आपण दर कळवावा. मानवजातीची काळजी नवीन सोफा आल्यानंतर सवडीने करता येईल.

अंधारखोली :
गोदातीर, आपला प्रश्न छायाचित्रणाच्या इतिहासात जुना आहे. ॲल्विन लँग्डन कोबर्न याने १९१७ मध्ये लंडनच्या कॅमेरा क्लबात तीन आरशांच्या साहाय्याने घेतलेली, कशाचीच ओळख न पटणारी छायाचित्रे मांडली, तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. परंतु त्या चित्रांत युद्ध शोधायला गेले तर काचेच्या कोनांचा खेळ तेवढा हाती लागतो. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ १९२२ पासून ढगांची छायाचित्रे घेऊ लागला आणि पुढे त्यांना त्याने 'इक्विव्हॅलंट्स' असे नाव दिले, कारण स्वतःच्या मनातील भावनेच्या तोलाचे काही त्याला आकाशात सापडत होते. ती भावना एका माणसाची होती, तिचा मानवजातीशी संबंध असेलच असे नाही.

आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा छायाचित्रकार म्हणजे ॲरन सिस्किंड. १९३० च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील माणसांची आणि रस्त्यांची छायाचित्रे घेत होता आणि सामाजिक जाणिवेच्या छायाचित्रकारांमध्ये वावरत होता. १९४० च्या दशकात तो पोपडे निघालेल्या भिंती आणि फाटकी भित्तिपत्रके टिपू लागला, तेव्हा त्याने माणसांकडे पाठ फिरवली असे जुन्या सोबत्यांना वाटले. मला मात्र त्या भिंतींत महायुद्धाने खिळखिळे झालेले जग दिसते. अर्थात चित्राचे साल माहीत आहे म्हणूनच ते दिसते. साल झाकले तर ती केवळ जुन्या भिंतींची चित्रे उरतात. अमूर्त छायाचित्र मनःस्थिती देऊ शकते. विषय हवा असेल तर शब्दांचा आधार घ्यावा लागतो आणि तो घेण्यात कमीपणा मानू नये.

बालाघाट :
मला या चर्चेचा सूरच पटलेला नाही, तेव्हा थोडे परखड लिहितो. ज्या चिंध्यांना आपण काळोखावरचे चकचकीत तुकडे म्हणता, त्या वेचताना माझ्या आईची कंबर धरते. कोरड्या बोअरची भुकटी आपल्याला राखाडी पोत वाटते. आमच्याकडे त्या भुकटीचा दर फुटावर ठरतो आणि पाणी लागो वा न लागो, बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याचे पैसे त्याच रात्री मोजावे लागतात.

'मानवजात' हा फार सोयीचा शब्द आहे, कारण त्यात कोणाचेच नाव येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ते पाणी मानवजातीसाठी आले नव्हते. नळ कोरडे पडलेल्या एका शहरासाठी आले होते, आणि ज्या जिल्ह्यात प्यायला पाणी नव्हते त्याच जिल्ह्यात उसाचे क्षेत्र किती होते याचा हिशेब त्या वेळी सर्वांनी वाचला आहे. आमच्या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. एका जोडप्याला 'कोयता' म्हणतात, माणसे म्हणून त्यांची मोजणीसुद्धा होत नाही. आपणही चित्रातून माणूस काढून टाकणार असाल, तर हे कोणामुळे झाले, कोणी सोसले आणि कोणाला फायदा झाला हे तिन्ही प्रश्न त्याच्याबरोबर चौकटीबाहेर जातात. उरते ती नक्षी. नक्षीला कोणी जाब विचारत नाही.

तिसरा डोळा :
बालाघाट, आपला राग समजतो; परंतु माणूस चौकटीत घेतल्याने त्याला न्याय मिळतो हे मला अनुभवाअंती मान्य नाही. मी बरीच वर्षे वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढली. उन्हाळा लागला की कार्यालयातून 'भेगा आणि म्हातारा' अशी ठरलेली मागणी येत असे. धरणाच्या कोरड्या पात्रात एखाद्या वृद्धाला उकिडवे बसवायचे, हात कपाळावर ठेवायला सांगायचे, नजर आभाळाकडे. त्याच्या मागे कोणी मोबाइलवर बोलत उभा असेल तर त्याला बाजूला व्हायला सांगायचे. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दोन्ही दुष्काळांत एकाच पात्रात वेगवेगळ्या छायाचित्रकारांनी घेतलेली अशी चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर म्हातारा तेवढा बदललेला दिसेल. त्या वृद्धाला ते छायाचित्र कोणी दाखवले नाही, त्याचे नाव अनेकदा छापले गेले नाही आणि त्याच्या विहिरीला पाणीही आले नाही. वाचकाला मात्र हळहळ व्यक्त करून पान उलटण्याची सोय झाली.

म्हणून गोदातीर यांनी कोणाचा चेहरा उसना घेतलेला नाही, ही मला त्यांच्या चित्रांची जमेची बाजू वाटते. माणसाशिवायचे चित्र पाहताना हळहळ करायला समोर कोणी नसते. तेव्हा पाहणाऱ्याला स्वतःकडे वळावे लागते, निदान वळण्याची शक्यता असते. एक गोष्ट बरी की ही चित्रे ड्रोनमधून घेतलेली नाहीत. ड्रोनमधून उकिरडासुद्धा गालिचासारखा दिसतो.

बालाघाट :
चेहरा उसना घेऊ नये हे मान्य. परंतु ज्या मातीचे चित्र आहे तिचाही सातबारा कोणाच्या तरी नावावर असतो.

उंबरठा :
या दोघांच्या वादात एक जुने छायाचित्र मांडते, कारण 'खाली काय लिहावे' या मूळ प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. १९२० मध्ये न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताच्या खोलीत काचेची एक मोठी कलाकृती आडवी पडून होती आणि तिच्यावर कित्येक महिन्यांची धूळ साचली होती. त्याचा मित्र, छायाचित्रकार मॅन रे याने दिव्याच्या उजेडात, कॅमेऱ्याची झडप दीर्घकाळ उघडी ठेवून त्या धुळीचे छायाचित्र घेतले. दोन वर्षांनी ते एका फ्रेंच नियतकालिकात छापले गेले, तेव्हा त्याखाली 'विमानातून दिसलेले दृश्य' अशा अर्थाची ओळ होती. महायुद्ध संपून फार काळ झालेला नव्हता आणि खंदकांनी चिरलेल्या भूभागाची विमानातून घेतलेली छायाचित्रे लोकांनी पाहिली होती. एका खोलीतील धूळ आणि उद्ध्वस्त प्रदेश यांत फरक करता येऊ नये, ही त्या चित्राची खरी भीती आहे, आणि ती चित्र व ओळ यांच्यामधल्या जागेत निर्माण होते.

गोदातीर यांच्या बोअरच्या भुकटीचे वर्णन वाचून मला हेच आठवले. ते चित्र चंद्राच्या पृष्ठभागाचे वाटू शकते, बाँबफेकीनंतरच्या शहराचेही वाटू शकते. माप कळत नाही तोवर डोळा चाचपडतो. त्यानंतर ते आपल्याच शेजारच्या तालुक्यातील, कित्येकशे फुटांवरून वर आलेले दगडाचे पीठ आहे असे समजले, तर मघाची अस्वस्थता त्या वस्तूला चिकटून राहते. आधीच पाटी वाचली तर डोळा चाचपडतच नाही. म्हणून माझी सूचना अशी की ओळ लिहावी, परंतु ती चित्राच्या शेजारी लावू नये. समोरच्या भिंतीवर किंवा बाहेर पडण्याच्या दारापाशी लावावी.

आणखी एक. आपल्या चर्चेत सगळे परदेशी आले. भारतीय चित्रकार नसरीन मोहम्मदी यांची छायाचित्रेही पाहावीत. समुद्रकाठ, वाळवंट, फरशी, सावल्या यांच्या त्या अतिशय मोजक्या, जवळजवळ रेषाच उरलेल्या चौकटी त्यांनी हयातीत प्रदर्शित केल्या नाहीत. १९९० मध्ये आपल्याच कोकणातील किहीम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांत कोणताही इशारा नाही, तरीही ती पाहताना माणूस या पृथ्वीवर किती थोडी जागा व्यापतो ते जाणवते.

पैठणगेट :
उंबरठाताई, ओळ दारापाशी लावल्यास आमच्यासारखे लोक चहा कुठे ठेवला आहे हे पाहताना तेवढीच वाचतील आणि चित्रे पाहिल्याचे समाधान घेऊन घरी जातील.

वेरूळवेडा :
गोदातीर यांनी रंगाचाही विचार करावा. २०२० च्या जूनमध्ये आपल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, त्या वेळी काठावरून घेतलेली काही छायाचित्रे इतकी अमूर्त होती की आकाश कुठे संपते तेही कळत नव्हते. भविष्याची धास्ती घालायला तो एक रंग पुरेसा होता.

मेहकरचा मुशाफिर :
लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात नव्हे तर विदर्भात आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. दोन्ही विभागांच्या विकासाच्या अनुशेषाचा वाद आधीच पुरेसा गुंतागुंतीचा आहे. त्यात सरोवराची भर नको.

पैठणगेट :
उल्का पडताना तिने विभागीय आयुक्तालयांच्या हद्दी पाहिल्या नसाव्यात.

मेहकरचा मुशाफिर :
त्यानंतर किती पडल्या ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु वेरूळवेडा यांच्या मुद्द्याला गंभीर उत्तर देतो. पाणी आटून क्षारता वाढल्यावर त्यात मीठप्रिय सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसले, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला होता, आणि काही आठवड्यांत तो रंग गेलाही. तोवर समाजमाध्यमांवर जगाच्या अंताच्या घोषणा होऊन गेल्या होत्या. अमूर्त चित्राने घातलेली भीती वस्तुस्थितीला धरून आहे की नाही, हे चित्राकडे पाहून ठरवता येत नाही, ही मला त्यातली अडचण वाटते. सरोवराभोवतीच्या खऱ्या चिंता, म्हणजे पाण्याची पातळी, आसपासचे सांडपाणी, काठची वेडी बाभूळ, अशा आहेत की त्यांना गुलाबी रंग नाही आणि त्यांची छायाचित्रे कोणी पुढे पाठवत नाही.

काळी माती :
मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि सध्या शेती करतो. मेहकरच्या मुशाफिरांनी काढलेला मुद्दा इथल्या सर्वांत लाडक्या प्रतिमेलाही लागू पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भेगाळलेली जमीन दाखवली की दुष्काळ दाखवला, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. आपली काळी कसदार जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे आणि तिच्यातील चिकणमाती पाणी मिळाले की फुगते, सुकली की आकसते. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पृष्ठभागावरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगते आणि वरची-खालची माती आपोआप घुसळली जाते. वळवाचा पहिला पाऊस या भेगांतूनच खोलवर उतरतो. म्हणजे ज्या भेगा पाहून पुण्या-मुंबईचा वाचक उसासा टाकतो, त्यांपैकी पुष्कळ भेगा धडधाकट जमिनीच्या असतात. धरणाच्या तळातील गाळाच्या भेगा वेगळ्या. तिथे पाणी असायला हवे होते आणि ते नाही, हे खरेच आहे. परंतु अमूर्त चौकटीत या दोन्ही भेगा सारख्याच दिसतात.

याउलट खरोखर धास्ती वाटावी अशा गोष्टी दिसायला अगदी साध्या आहेत. कालव्याखाली अतोनात पाणी दिल्याने चोपण झालेली, म्हणजे क्षार साचून बिघडलेली जमीन जवळून पाहिली, तर तिच्यावर राखेसारखा पांढुरका थर असतो आणि ओली असताना ती बुटाखाली साबणासारखी निसटते. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत नदीकाठची कित्येक राने खरवडून निघाली आणि खालचा मुरूम उघडा पडला. त्या मुरमाचे छायाचित्र घेतले तर ते पिवळ्या-तांबूस खड्यांचे निरुपद्रवी चित्र दिसेल. तिथे पूर्वी माती होती हे त्यात कुठेच येणार नाही, आणि इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात हे तर नाहीच नाही. नसलेली वस्तू कॅमेऱ्याला टिपता येत नाही. शब्द लागतात ते इथे.

मल्चिंग पेपरविषयी मात्र मी गोदातीर यांच्या बाजूने आहे. हा कागद बहुधा २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिन असतो. त्याने पाणी वाचते, तण दबते, खुरपणीचा खर्च कमी होतो. तो वापरणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु उन्हाने विटलेला असा पातळ कागद पीक निघाल्यावर अखंड उचलता येत नाही. हाताला येतो तो तुकडा तुकडा, आणि उरलेला नांगरटीबरोबर खाली जातो. तो कुजत नाही, फक्त बारीक होत जातो. पुढच्या पिढ्यांच्या मातीत आपण काय कालवून ठेवले आहे याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही, आणि हा पुरावा चकाकतो म्हणून सुंदर दिसतो यात छायाचित्रकाराचा काय अपराध?

बालाघाट :
काळी माती यांचा प्रतिसाद आवडला. भेगांविषयी आमच्या घरी आजोबाही हेच सांगत असत. ते छापून येत नाही एवढेच.

नवशिक्या :
एक भाबडी शंका विचारतो. मी संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेला 'काळी माती, चंदेरी तुकडे, भविष्याची चिंता' एवढे शब्द दिले आणि काही क्षणांत वर वर्णन केले आहे तसेच चित्र मिळाले. ओळखू येणारी वस्तूच जर नको असेल, तर रानात जाऊन ऊन खाण्याची गरज काय? आणि खरे सांगायचे तर मानवजातीच्या भवितव्याची मला जी काही काळजी वाटते ती याच यंत्राकडे पाहून.

तिसरा डोळा :
शंका भाबडी नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्याला दोन्ही चित्रे सारखी दिसतील हे खरे, आणि म्हणूनच गोदातीर यांच्या बाजूने ठिकाण, महिना आणि पीक लिहिणे आता अधिक आवश्यक झाले आहे. तुमच्या चित्राखाली असे काही लिहिता येणार नाही, किंवा लिहिले तर ते खोटे असेल. गोदातीर, कॅमेऱ्यातून निघालेल्या, संस्कार न केलेल्या मूळ रॉ फाइली जपून ठेवा, आणि त्याच ढेकळांचे चार पावले मागून घेतलेले एखादे साधे, ओळखू येणारे छायाचित्रही जवळ असू द्या. ते मांडू नका; कोणी विचारले तर दाखवा.

प्रयोगवही :
येथपर्यंतची सर्व चर्चा 'वस्तूचे चित्र' गृहीत धरून चालली आहे. वस्तूने स्वतः काढलेले चित्र असाही एक मार्ग आहे आणि नवशिक्या यांच्या शंकेचे उत्तर मला तिथे सापडते. १८९६ मध्ये आँरी बेकरेलने काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या पट्टीवर युरेनियमचे क्षार ठेवले आणि ऊन न मिळताही पट्टीवर डाग उमटले. किरणोत्सर्गाचा शोध त्या डागांतून लागला. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, २०१२ मध्ये, शिंपेई ताकेदा या जपानी कलावंताने तेथील व आसपासच्या प्रांतांतील माती गोळा करून छायाचित्रणाच्या फिल्मवर महिनाभर अंधारात ठेवली. कॅमेरा नाही, भिंग नाही. काही फिल्म जवळजवळ काळ्याच राहिल्या, तर काहींवर चांदण्यांनी भरलेल्या आकाशासारखे ठिपके उमटले. ज्या मातीत किरणोत्सर्ग अधिक, तिच्यात ठिपके अधिक.

या चित्रांत माणूस नाही, तरीही बालाघाट यांचा आक्षेप त्यांना लागू होत नाही, कारण इथे छायाचित्रकाराने काहीच लपवलेले नाही. डोळ्याला न दिसणारी गोष्ट त्याने दिसू दिली आहे. आणि प्रत्येक चित्राच्या नावात माती कुठली आहे ते लिहिलेले आहे.

अंधारखोली :
सुंदर दिसण्याविषयी एक भर घालतो. कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनी २०१६ मध्ये कच्छच्या छोट्या रणातील मिठागरांची आकाशातून छायाचित्रे घेतली. रेघोट्या ओढलेल्या पाटीसारखी ती दिसतात आणि पहिल्या नजरेत तिथे माणसे राबतात हे सांगूनही पटत नाही. इतके देखणे चित्र विध्वंसाला शोभिवंत करते, असा आरोप त्यांच्या कामावर नेहमी होतो आणि मला तो काही अंशी पटतो. तरीही शीर्षकात ठिकाण, राज्य आणि साल स्वच्छ लिहिण्याची त्यांची पद्धत घेण्याजोगी आहे. त्यात ना उपदेश आहे, ना कविता. गोदातीर यांनी चित्रांना 'उद्याची राख' किंवा 'वेदना क्रमांक तीन' अशी नावे देऊ नयेत, एवढी कळकळीची विनंती.

पैठणगेट :
'वेदना क्रमांक तीन' ही बहुधा आमच्या गल्लीतील रस्त्याची निविदा असावी.

खडूफळा :
प्रयोगवही यांच्या प्रतिसादामुळे लिहावेसे वाटले. मी नांदेड जिल्ह्यातील एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइपची पद्धत आम्ही दरवर्षी मुलांकडून करून घेतो: लोहक्षारांचे द्रावण कागदाला लावायचे, वर पान किंवा जाळी ठेवून उन्हात धरायचे आणि पाण्यात धुतले की निळे चित्र उमटते. एका वर्षी मुलांनी घरून पाणी आणले होते, कोणी बोअरचे, कोणी हापशाचे, कोणी पन्हळीखाली साठवलेले पावसाचे. पावसाच्या पाण्यात धुतलेले कागद गडद निळे राहिले. एका वस्तीवरच्या खोल बोअरचे पाणी वापरलेला कागद मात्र रात्रभर त्यात पडून राहिला आणि सकाळी त्याच्या कडा पिवळट झाल्या होत्या. मधला निळा रंग पाण्याची पातळी जिथवर होती तिथवर विटलेला होता. कारण साधे आहे. प्रशियन निळा रंग अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही आणि आपल्याकडील खोल बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट पुष्कळ असते.

त्यानंतर मी मुलांना पान-फूल ठेवायला सांगणेच बंद केले. पूर्ण कोरा निळा कागद करायचा आणि अर्धा आपापल्या घरच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. प्रत्येक कागदामागे वस्तीचे नाव आणि बोअरची खोली मुले स्वतः लिहितात. भिंतीवर ओळीने लावले की ते शुद्ध अमूर्त चित्र दिसते, आणि ज्याच्या घरचे पाणी आहे त्या मुलाला ते मुळीच अमूर्त वाटत नाही. एका मुलीने आपल्या कागदापुढे उभे राहून "हे आम्ही पितो का?" असे विचारले. अल्कधर्मी पाणी म्हणजे विषारी पाणी नव्हे, हे मी तिला समजावले आणि पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवला. कागद पाण्याची संपूर्ण तपासणी करत नाही. नायट्रेट किंवा फ्लोराइड त्यावर दिसत नाही. त्याच्यावर भलता भार टाकू नये.

उंबरठा :
खडूफळा, हे कागद वाचनालयातील मांडणीत असायलाच हवेत. गोदातीर, विचार करावा.

गोदातीर :
सर्वांचे आभार. उंबरठा यांची दारापाशी ओळी लावण्याची सूचना मला आकर्षक वाटली होती, परंतु बालाघाट यांचे प्रतिसाद पुन्हा वाचल्यावर ती मी स्वीकारणार नाही. पाहणाऱ्याचा डोळा चाचपडावा म्हणून शेतकऱ्याच्या रानाचे नाव काही मिनिटे का होईना दडवून ठेवणे, हा खेळ मला आता जमणार नाही. प्रत्येक चित्राखाली वस्तू, गाव, महिना आणि पीक एवढे लहान अक्षरांत असेल. धरणाच्या तळातील नसलेल्या, साध्या रानातल्या भेगांची दोन चित्रे या संचात होती. काळी माती यांचे विवेचन वाचून ती मी बाजूला ठेवली आहेत. चोपण जमिनीचे छायाचित्र नव्याने घ्यायला जाणार आहे. खडूफळा यांची शाळा तयार असेल तर एक भिंत मुलांच्या कागदांसाठी मोकळी ठेवतो.

उंबरठा :
आपला निर्णय आहे, आदर आहे. तरीही असहमती नोंदवते. नाव ताबडतोब सांगितल्याने पुष्कळ लोक नाव वाचतील आणि चित्र पाहणार नाहीत.

बालाघाट :
वाचू द्या. मी आईला घेऊन येईन. तिला चिंध्यांचे चित्र कसे वाटते ते येथे कळवतो, मात्र तिचा अभिप्राय संपादित करून लिहावा लागेल अशी शक्यता आहे.

नवशिक्या :
खडूफळा, हा प्रयोग घरी करता येईल का? द्रावणाचे प्रमाण आणि काही सावधगिरी असल्यास कृपया सांगावी.

खडूफळा :
करता येतो. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, अशी दोन द्रावणे वेगवेगळ्या गडद बाटल्यांत करावीत आणि वापरण्यापूर्वी मंद उजेडात समप्रमाणात एकत्र करावीत. द्रावणासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. बॅटरीत घालतात ते चालते. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल मुळीच नेऊ नये. उन्हाळ्यात आपल्याकडच्या उन्हात दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ पुरतो, डिसेंबरात अधिक लागतो. पहिली धुणी चिमूटभर लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यात केली तर निळा रंग चांगला बसतो. कागद पूर्ण वाळल्यावरच तो बोअरच्या पाण्यात बुडवावा, आणि तुलनेसाठी त्याच कागदाचा एक तुकडा कोरडा राखून ठेवावा. गोदातीर, शाळेशी बोलून ठेवते. मुलांचे कागद आपल्याला परीक्षा संपल्यावर मिळतील.